आत्मपूर्तीचा जिना : प्रेरणाविचार आणि मुक्तिबोध बंधूंचे वाङ्मय

मानसशास्त्राने वाङ्मयविचाराला काय दिले, हा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. फ्रॉइडच्या उपपत्तींचा परिचय झाल्यापासून आपल्या लेखकांनी व टीकाकारांनी मनाच्या तळघराकडे मोठ्या उत्सुकतेने पाहिले. मर्ढेकरांच्या 'रात्रीचा दिवस' या १९४२ च्या कादंबरीने संज्ञाप्रवाहाचा प्रयोग मराठीत केला, आणि पुढे नवकथेच्या काळात पात्राच्या वागण्यामागील दडलेली वासना हुडकून काढणे हे टीकेचे जणू नित्यकर्मच होऊन बसले. परंतु मनुष्य काय दडवतो एवढ्यावरून त्याची ओळख पुरी होत नाही. तो काय होऊ पाहतो, कशासाठी धडपडतो, आणि कोणत्या स्थितीत आपले जिणे भरून पावले असे त्याला वाटते, हाही मनाचाच प्रश्न आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर पाश्चात्त्य मानसशास्त्राची एक शाखा या दुसऱ्या प्रश्नाकडे वळली. तिचा विचार आपल्याकडे आला तो मात्र मुख्यतः व्यवस्थापनाच्या वर्गांतून आणि यशाचे मार्ग सांगणाऱ्या पुस्तकांतून. वाङ्मयाच्या कसोटीवर तो घासून पाहण्याचे काम बरेचसे राहूनच गेले आहे असे आम्हांस वाटते. ते काम या लेखात थोड्या प्रमाणात करून पाहावे, आणि त्यासाठी माळव्याच्या मातीत वाढलेल्या दोन मराठी भावांचे वाङ्मय हाताशी घ्यावे, असा आमचा विचार आहे.

प्रथम सिद्धान्त पाहू. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अब्राहम मास्लो यांनी १९४३ साली मानवी प्रेरणेची उपपत्ती मांडणारा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला व १९५४ साली 'मोटिव्हेशन अँड पर्सनॅलिटी' या ग्रंथात तिचा विस्तार केला. माणसाच्या मूलभूत गरजा पाच प्रकारच्या आहेत, असे त्यांचे म्हणणे. भूक, तहान, निद्रा या शारीरिक गरजा पहिल्या, मग सुरक्षितता, मग प्रेम आणि आपलेपणा, मग स्वतःचा व इतरांचा आदर, आणि या चारींची बऱ्यापैकी तृप्ती झाल्यावर जागी होते ती आत्मपूर्तीची ओढ. ज्याच्या अंगी जे होण्याची शक्ती आहे, ते झाल्यावाचून त्याला चैन पडत नाही, असा या शेवटच्या कल्पनेचा आशय. ही संज्ञा मास्लो यांनी कुर्ट गोल्डस्टाइन या जर्मन वैद्याकडून घेतली होती. पहिल्या महायुद्धात मेंदूला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करताना गोल्डस्टाइन यांना असे दिसले होते की, जखमी देहसुद्धा उरलेल्या शक्तींची नवी जुळणी करून आपल्या परीने पूर्ण होऊ पाहतो. म्हणजे आत्मपूर्तीची कल्पना जन्मली ती रुग्णालयात, मोडलेल्या माणसांच्या सान्निध्यात. तिचा पुढचा प्रवास पाहता हे मूळ ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

पुढे झाले असे की, या उपपत्तीचा एक त्रिकोण बनला. तळाशी अन्न, शिखरावर आत्मपूर्ती, आणि मध्ये एकावर एक रचलेले थर. हा त्रिकोण मास्लो यांनी स्वतः काढलेला नव्हता. उद्योगधंद्यांच्या व्यवस्थापनाविषयी लिहिणाऱ्यांनी त्यांच्या विचाराला ती सोयीची आकृती दिली. मूळ निबंधात मास्लो यांनी पुष्कळच सावधपणा राखला होता. गरजांचा हा क्रम लोखंडी नाही, एक गरज शंभर टक्के भागल्यावरच दुसरी उगवते असे मुळीच नाही, सामान्य माणसाच्या सर्वच गरजा एकाच वेळी अंशतः भागलेल्या व अंशतः अपुऱ्या असतात, हे त्यांनी स्पष्ट म्हटले होते. काही सर्जनशील माणसांत निर्मितीची ओढ इतर गरजा अतृप्त असतानाही प्रबळ असते, आणि एखाद्या ध्येयासाठी माणसे सर्वस्वावर पाणी सोडतात, याचीही नोंद त्यांनी केली होती. परंतु आकृती लक्षात राहते आणि अपवाद विसरले जातात, हा लोकव्यवहार आहे. त्रिकोणाने 'आधी हे, मग ते' एवढेच शिकवले, आणि आत्मपूर्ती ही सुस्थित मनुष्याने निवृत्तीच्या सुमारास चढावयाची वरची माडी ठरली.

शास्त्राच्या अंगाने पाहिले तरी या क्रमाला फारसा भक्कम आधार मिळाला नाही. १९७६ साली वाहबा आणि ब्रिडवेल यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा पाच गरजांच्या चढत्या श्रेणीला पुरावा तुटपुंजाच आढळला. २०११ साली टे आणि डीनर यांनी १२३ देशांतील माहिती तपासली. माणसाच्या सुखाशी या गरजांचा संबंध आहे, हे त्यांना दिसले. पण खालच्या गरजा पुऱ्या झाल्याखेरीज वरच्या गरजांच्या तृप्तीपासून समाधान मिळत नाही, हे मात्र दिसले नाही. डेसी आणि रायन यांनी तर शिडीच काढून टाकली. स्वायत्तता, कर्तृत्वाची जाणीव आणि इतरांशी नाते या तीन मानसिक गरजा त्यांनी एका पातळीवर ठेवल्या. त्यांपैकी एकही उपाशी राहिली तर मन कोमेजते, असा त्यांचा सिद्धान्त. नाझी छळछावणीतून वाचलेले व्हिएन्नाचे मनोवैद्य व्हिक्टर फ्रांकल यांचा आक्षेप याहून मूलगामी होता. आत्मपूर्ती हे लक्ष्य होऊच शकत नाही, असे ते म्हणत. मनुष्य स्वतःपलीकडच्या एखाद्या कार्याला किंवा व्यक्तीला वाहून घेतो तेव्हा ती मागून आपोआप येते. तिच्यामागे धावणाऱ्याच्या हाती ती लागत नाही. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत स्वतः मास्लोही आत्मपूर्तीच्या पलीकडच्या आत्मातिक्रमणाचा विचार करू लागले होते. १९७० साली ते वारले, आणि त्यांचा हा उत्तरविचार त्या त्रिकोणात शिरला नाही तो नाहीच.

आता वाङ्मयाकडे वळू. मास्लो यांचा निबंध ज्या १९४३ साली प्रसिद्ध झाला, त्याच साली हिंदीत अज्ञेय यांनी संपादित केलेला 'तार सप्तक' हा संग्रह निघाला. त्यातील सात कवींपैकी दोघे, गजानन माधव मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे, मराठी घरांतले होते. मुक्तिबोधांचे मूळ घराणे जळगावचे. पणजोबांच्या काळी ते ग्वाल्हेर संस्थानात आले. गजानन माधव यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूर येथे झाला. वडील पोलीस अधिकारी असल्याने बालपण सुस्थितीत गेले; उज्जैन व इंदूर येथे शिक्षण झाले. धाकटे बंधू शरच्चंद्र १९२१ साली इंदुरात जन्मले. एकाच घरात मराठी बोलत वाढलेल्या या दोन भावांपैकी थोरल्याने हिंदीत लिहिले, धाकट्याने मराठीत. मध्य भारतातील मराठी कुटुंबांची भाषिक स्थिती याहून चांगल्या रीतीने क्वचितच दाखवता येईल. आपलेपणाची गरज या भागातील मराठी माणसाला एका भाषेत भागवता येत नाही, हे येथील वाचकांना निराळे सांगावयास नको.

थोरल्या मुक्तिबोधांचे पुढचे आयुष्य त्या त्रिकोणाशी ताडून पाहिले तर काय दिसते? शुजालपूर, उज्जैन, बनारस, जबलपूर, नागपूर अशी गावोगावची अस्थिर नोकरी. शाळामास्तरकी, आकाशवाणी, वृत्तपत्र. मोठा संसार आणि अपुरी मिळकत. १९५८ साली राजनांदगावच्या महाविद्यालयात प्राध्यापकाची जागा मिळाली तेव्हा कोठे थोडी स्थिरता आली. १९६२ साली त्यांच्या 'भारत : इतिहास और संस्कृति' या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. १९६४ च्या फेब्रुवारीत पक्षाघाताचा झटका आला, आणि त्यांना येथे भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात आणण्यात आले. पुढे पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी लक्ष घातल्याने त्यांना दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत हलवले गेले. तेथे ११ सप्टेंबर १९६४ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा पहिला स्वतंत्र काव्यसंग्रह त्याच वर्षी निघाला. तो त्यांना पाहता आला नाही. ज्या राज्यात त्यांच्या पुस्तकावर बंदी आली, त्याच राज्यात पुढे सागर येथे त्यांच्या नावाचे सृजनपीठ स्थापन झाले. आदराची गरज अशी मरणोत्तर भागवण्यात आपला समाज मोठा तत्पर आहे.

या चरित्रावरून दोन निष्कर्ष चटकन काढले जातात, आणि आमच्या मते ते दोन्ही चुकीचे आहेत. पहिला असा की, खालच्या पायऱ्या तुटलेल्या असताना हा कवी शिखरावर पोचला, तेव्हा मास्लो यांचा विचार खोटा. दुसरा त्याहून घातक : दारिद्र्यानेच हे काव्य निर्माण केले. हा दुसरा निष्कर्ष मराठीत फार जुना आहे. १६३० च्या दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला, घरची माणसे अन्नावाचून गेली, आणि त्यानंतर ते अभंगाकडे वळले. एवढ्यावरून दुष्काळ हा जणू काव्याचा गुरू होता, असे सुस्थितीत बसून लिहिणारे टीकाकार आपण पाहिले आहेत. त्या दुष्काळात देहूच्या आसपास किती माणसे काही न लिहिता मेली, याचा हिशोब या टीकेत नसतो. एकाने सोसून लिहिले, म्हणून सोसणे हे लिहिण्याचे कारण ठरत नाही. मुक्तिबोधांना औषधपाणी वेळेवर व पुरेसे मिळाले असते, तर त्यांची कविता दुबळी झाली असती, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? त्यांच्या पश्चात जे अर्धेमुर्धे कागद राहिले, ते पाहता झालेली हानी उघड आहे.

मास्लो यांच्याच एका निरीक्षणाने या चरित्राचा काही भाग उलगडतो, हेही मान्य केले पाहिजे. ज्यांच्या गरजा बालपणी नीट भागल्या, त्यांच्या ठायी पुढील अभाव सोसण्याचे बळ येते, असे त्यांनी म्हटले होते. थोरल्या मुक्तिबोधांच्या बालपणाला हे लागू पडते. परंतु सोसण्याचे बळ कोठून आले हे सांगितल्याने ते बळ कोणत्या दिशेने वळले हे कळत नाही. त्याच सुस्थितीत वाढलेले शेकडो तरुण त्या काळी माळव्यात होते. त्यांच्यापैकी बहुतेकांनी आपल्या बळाचा उपयोग बढतीसाठी केला. येथे चरित्र संपते व वाङ्मय सुरू होते, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने खरी साक्ष वाङ्मयाचीच आहे.

'अंधेरे में' ही मुक्तिबोधांची दीर्घ कविता १९६४ च्या नोव्हेंबरमध्ये 'कल्पना' मासिकात प्रसिद्ध झाली. तिचा विषयच आत्मपूर्ती आहे. निवेदकाला अंधारात एक गूढ पुरुष दिसतो, दाराशी येतो, कडी वाजवतो. तो कोण? निवेदकाच्या अजून हाती न आलेल्या अभिव्यक्तीचे, त्याच्या साऱ्या शक्यता पूर्णत्वाला गेल्या तर जे घडेल त्याचे ते रूप आहे. मास्लो यांच्या सर्वांत वरच्या गरजेचे इतके नेमके चित्र आम्हांस दुसरीकडे आढळले नाही. पण पुढे काय होते ते पाहावे. निवेदक दार उघडीत नाही. हा पाहुणा आपल्याला खडतर उंचीवर नेईल याची त्याला धास्ती वाटते, आणि स्वतःच्या दुबळेपणावरच त्याचा जीव जडलेला आहे. मास्लो यांनी उत्तरायुष्यात ज्याला योनाचा गंड म्हटले, ती ही मनःस्थिती : माणूस आपल्या क्षुद्रतेला भितो तसाच आपल्या थोरपणालाही भितो आणि त्यापासून पळ काढतो. कवी व मानसशास्त्रज्ञ एकमेकांना न ओळखता एकाच ठिकाणी आले आहेत.

मात्र येथून त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. मास्लो यांचा भयभीत मनुष्य आपल्या प्रतिभेला घाबरतो. मुक्तिबोधांचा निवेदक त्या प्रतिभेबरोबर येणाऱ्या कर्तव्याला घाबरतो. कवितेत गांधीजींची आकृती भेटते आणि एक मूल त्याच्या खांद्यावर सोपवले जाते. पूर्णत्वाकडे जाताना माणसाच्या हाती मुकुट येत नाही, मूल येते. कवितेच्या अखेरीस तो गूढ पुरुष लोकांच्या गर्दीत मिसळून जातो, आणि निवेदक त्याला गल्लोगल्ली, एकेका चेहऱ्यात शोधत हिंडतो. ज्याचा शोध आरशात घ्यावयाचा असे आपण समजत होतो, तो रस्त्यावर निघून गेलेला असतो.

'ब्रह्मराक्षस' या कवितेत याच प्रश्नाची काळी बाजू आहे. गावाबाहेरच्या पडक्या, ओसाड बावडीत एका विद्वानाचे भूत राहते. वेदऋचांपासून आधुनिक तत्त्वज्ञांपर्यंत त्याचे सारे वाचून झाले आहे. अंगावरचा मळ जावा म्हणून ते रात्रंदिवस अंग घासते, आणि मळ काही जात नाही. बावडीत चुकून उतरलेला सूर्यकिरण पाहून, सूर्याने आपल्याला वंदन केले, असे त्याला वाटते. याच कवितेत एक उंच, अंधारा जिना आहे. भूत त्याच्या पायऱ्या चढते, गडगडते, पुन्हा चढते. पाय मुरगळतात, छातीवर जखमा होतात. मानसशास्त्राच्या पुस्तकातला जिना आणि हा जिना यांत एक महत्त्वाचा फरक आहे. पुस्तकातल्या जिन्यावर अडथळा असतो तो खालच्या गरजांचा. या जिन्यावर अडथळा आहे तो चढण्याच्या पद्धतीचाच. ब्रह्मराक्षसाला अन्न नको, निवारा नको, कोणाची भीती नाही. त्रिकोणाच्या हिशोबाने त्याच्या खालच्या गरजा शून्यावर आलेल्या आहेत. तरी तो कधीच पोचत नाही, कारण स्वतःला निर्दोष करणे यापलीकडे त्याच्या पूर्णतेला दुसरा आशयच नाही. मुक्तिबोध या भुताची थट्टा करीत नाहीत, हे या कवितेचे मोठेपण. त्याचे अपुरे राहिलेले कार्य पुढे नेण्यासाठी आपण त्याचे सजल अंतःकरणाचे शिष्य व्हावे, अशी इच्छा कवितेच्या शेवटी उमटते.

ही इच्छा 'ब्रह्मराक्षस का शिष्य' या त्यांच्या कथेत घटनेचे रूप घेते. कथेचा आरंभच असा आहे की, एका भव्य वाड्याच्या आठव्या मजल्यावरून विद्या संपादन केलेला एक तरुण जिना उतरतो आहे. बारा वर्षांपूर्वी तो काशीत ज्ञानाच्या शोधात आला. या वाड्यात त्याला गुरू भेटले. निरोपाच्या दिवशी जेवताना गुरूंचा हात लांब होत होत स्वयंपाकघरातून तूप घेऊन येतो, आणि गुरू म्हणजे ब्रह्मराक्षस आहे हे उघड होते. योग्य शिष्य न मिळाल्याने त्यांची विद्या त्यांच्यापाशीच अडकून राहिली होती. ती देता आली म्हणून ते आता सुटतात. परंतु त्याच वेळी ते शिष्याला बजावतात की, हे ज्ञान तू दुसऱ्याला देईपर्यंत तुझीही सुटका नाही. लोककथेचा हा साधा सांगाडा आमच्या मते प्रेरणाविचारात एक मौलिक भर घालतो. वर चढणे हे निम्मे काम आहे. मिळालेले घेऊन आठव्या मजल्यावरून खाली उतरणे आणि ते कोणाच्या तरी ओंजळीत घालणे, हे उरलेले निम्मे. पूर्ती देणाऱ्याच्या घरी घडत नाही; घेणाऱ्याच्या घरी घडते.

धाकट्या मुक्तिबोधांनी हीच गोष्ट समीक्षेच्या परिभाषेत सांगितली. मर्ढेकरांच्या सौंदर्यशास्त्राचा प्रभाव असताना शरच्चंद्र मुक्तिबोध साहित्याच्या लौकिकतेच्या बाजूने उभे राहिले, आणि साहित्यमूल्याचा आधार म्हणून त्यांनी 'मानुषता' ही कल्पना मांडली. 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या त्यांच्या ग्रंथाला १९७९ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मानुषता म्हणजे दयाळूपणा नव्हे. समाजात, इतिहासात, इतरांशी येणाऱ्या संबंधांतून घडणारे आणि तरीही घडवणारे माणसाचे माणूसपण, असा तिचा रोख आहे. त्यांच्या कादंबरीत्रयीची नावेच पाहावी : 'क्षिप्रा' १९५४ साली, 'सरहद्द' १९६२ साली आणि 'जन हे वोळतु जेथे' १९६९ साली. एक नदी, मग एक सीमा, मग लोक. माळव्यातल्या मध्यमवर्गीय तरुणाच्या मनाची वाढ बेचाळीसच्या आंदोलनाच्या काळापर्यंत नेणारी ही त्रयी आहे. चर्चेचा व चिंतनाचा भार तिच्यात ठिकठिकाणी जाणवतो, आणि पात्रांना त्यांच्या विचारांपासून मोकळे होण्यास पुरेशी जागा मिळत नाही, हा तिचा दोष आम्ही झाकणार नाही. पण नायकाची वाढ म्हणजे त्याचे यश, या इंग्रजी कादंबरीवरून आपल्याकडे आलेल्या समजुतीला या त्रयीने दिलेला नकार महत्त्वाचा आहे. येथे तरुण वाढतो तसतसा तो स्वतःविषयी कमी बोलू लागतो.

येथे एक शंका घेतली जाईल. आत्मपूर्ती लोकांत शोधावी असे म्हणणे म्हणजे व्यक्तीला समूहात बुडवणे नव्हे काय? ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर पुन्हा 'अंधेरे में' या कवितेतच मिळते. मध्यरात्री निवेदकाला एक मिरवणूक दिसते. तीत बँड आहे, सैन्य आहे, आणि त्यांच्याबरोबर नामांकित कवी, टीकाकार, विचारवंत, मंत्री, उद्योगपती, एवढेच नव्हे तर शहरातला कुप्रसिद्ध खुनी डोमाजी उस्तादही चालतो आहे. आपलेपणाची आणि आदराची गरज त्या मिरवणुकीत सगळ्यांचीच उत्तम भागते आहे. ज्याला ती मिरवणूक दिसली त्याच्या जिवावर मात्र बेतते. म्हणजे समूहात सामील होणे आणि लोकांशी नाते जोडणे या दोन गोष्टी कवीच्या लेखी अगदी निराळ्या आहेत. पहिलीत माणूस आपली सदसद्बुद्धी दाराबाहेर ठेवतो. दुसरीत ती घेऊनच त्याला जावे लागते. स्वायत्तता आणि नाते या दोहोंना डेसी व रायन एका पातळीवर ठेवतात, त्याचे मर्म या प्रसंगावरून ध्यानी यावे.

दुसरी शंका आपल्या परंपरेच्या अभिमान्यांकडून येईल. चार पुरुषार्थांत हे सारे आलेलेच आहे, असे ते म्हणतील. साम्य आहेच, अर्थ व काम यांना मान्यता देऊन मोक्षाकडे पाहणारी ती व्यवस्था एकांगी नव्हती. तिचा विशेष असा की, धर्म तेथे एक पायरी म्हणून येत नाही. अर्थ आणि काम यांना आवर घालणारा नियम म्हणून तो सर्वत्र असतो. पण या व्यवस्थेत कोणाला कोणता पुरुषार्थ साधण्याचा अधिकार, हे जन्मावरून ठरत होते, आणि स्त्रीच्या वाट्याला पतीच्या पुरुषार्थाला साहाय्य करणे एवढेच येत होते. आधुनिक त्रिकोणही या बाबतीत फारसा निर्दोष नाही. त्यावर चढणारा एकटा दिसतो. खाली कोण तो जिना धरून उभे आहे, हे आकृतीत दाखवलेले नसते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपण आनंदाने वाचतो, कारण जिना धरून उभ्या राहिलेल्या व्यक्तीनेच तेथे लेखणी हाती घेतली आहे. कवीच्या आत्मपूर्तीची चर्चा करताना त्याच्या घरातील चूल कोणी आणि कशी पेटती ठेवली, हे विचारणे अप्रस्तुत नाही. ती चूल प्रेरणाविचाराचाच भाग आहे.

मग मास्लो यांच्या विचाराचे काय ठेवावे आणि काय सोडावे? आमचे मत थोडक्यात असे. गरजांची यादी ठेवावी, क्रम सोडावा. अन्न, औषध, सुरक्षितता, आपलेपणा आणि सन्मान या पायऱ्या नाहीत. त्या माणसाच्या समाजावरील मागण्या आहेत, आणि त्या भागवणे हे न्यायाचे काम आहे. त्या भागल्या म्हणजे माणूस आपोआप थोर होईल, अशी हमी नाही. त्या भागल्या नाहीत म्हणजे तो थोर होईल, हे तर त्याहून खोटे. थोर वाङ्मयाचा उगम या यादीत सापडणार नाही. परंतु थोर वाङ्मयाची जी हत्या होते, तिची कारणे मात्र या यादीत अचूक सापडतात. टीकाकाराने ही दोन विधाने एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

हा विचार भोपाळच्या मराठी वाचकांपुढे ठेवण्यास विशेष प्रयोजन आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश झाला आणि भोपाळ राजधानी झाली, तेव्हा नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथून अनेक मराठी कुटुंबे सरकारी सेवेबरोबर येथे आली; पुढे हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यानेही काहींना आणले. त्या पिढीने तात्या टोपे नगरच्या सरकारी घरांतून संसार उभे केले, मुलांना शिकवले, गणेशोत्सव आणि वाचनालये चालवली. त्रिकोणाच्या भाषेत बोलायचे तर तिने खालचे मजले परिश्रमाने बांधले. पुढच्या पिढ्यांची पुष्कळ मुले पुण्या-बंगळूरला किंवा परदेशी गेली. मागे राहिलेल्या घरांत सुरक्षितता आहे, मान आहे, आणि वेळही आहे. आता वरचा मजला आपोआप बांधला जाईल, अशी ज्यांची अपेक्षा असेल त्यांची निराशा होणे अटळ आहे. स्वतःसाठी वाचलेले आणि स्वतःसाठी जपलेले मराठी हे त्या बावडीतल्या विद्येसारखे आहे. ते शेजारच्या हिंदी घरातल्या मुलाला, मराठी विसरत चाललेल्या आपल्याच नातवाला, किंवा एखाद्या अनोळखी वाचकाला देता येते काय, यावर त्याचे जिवंतपण ठरणार आहे.

१९८२ साली मोठ्या तलावाच्या काठी भारत भवन उभे राहिले, आणि कलावंताला मान व निवारा देण्याची जबाबदारी राज्याने काही अंशी आपल्यावर घेतली. ही गोष्ट मोलाची होती, यात शंका नाही. पण हमीदिया रुग्णालय तेथून दूर नाही. ज्या शहराला कवीचे नाव घेण्याचा अभिमान आहे, त्या शहरात आज एखादा तरुण लिहिणारा भाड्याच्या खोलीत, औषधाच्या चिठ्ठ्या खिशात बाळगून लिहीत असेल, तर त्याच्या प्रतिभेचे कौतुक करण्यापूर्वी त्याला घरभाडे देता येते काय, हे विचारणे हाही समीक्षेचा धर्म आहे. आणि तो उद्या सुस्थितीत आला, तर त्याने जिन्याच्या माथ्यावर बसून राहू नये, कोणासाठी तरी खाली उतरावे, ही अपेक्षा ठेवण्याचा हक्क मग आपल्याला पोचतो. तो हक्क मिळवण्याची किंमत मात्र आधी आपण चुकवली पाहिजे.